कोंडाजीचा कबुलीजबाब

कायद्यापुढे सारे समान असतात. शहात्तर सालच्या भाद्रपदात नाशिकच्या त्या कोर्टात पंखा एकच होता आणि तो कायद्याच्या डोक्यावर फिरत होता. समान माणसं खाली घाम पुसत उभी होती. त्यांत दिंडोरीकडचा कोंडाजी होता, एका गोदामाचा राखणदार. गोदामातली ताडपत्री चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. ती शेठच्या मेव्हण्यानं ट्रकवर बांधून नेली, हे कोंडाजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

जेलचं त्याला फारसं काही नव्हतं. घोर होता तो मैनाचा. पोरीची सोयरीक नांदगावला ठरली होती आणि व्याही म्हणाले होते, "आधी निकाल लागू द्या, मग बघू."

वकिलांनी बजावलं, "साहेब आरोप वाचून विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू फक्त नाही म्हण."

"एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाय म्हनू?"

"इथं तसंच म्हणतात."

कोंडाजीच्या भावकीत तसं म्हणत नसत. पंचांपुढे आधी टोपी उतरवायची, 'कबूल' म्हणायचं. मग पंच म्हणत, "ऊठ, आता काय झालं ते सांग." आल्या आल्या नाही म्हणणाऱ्याचं कोणी ऐकूनच घेत नसे. कोंडाजीचा बाप या रीतीनं निर्दोष सुटला होता.

साहेबांनी आरोप वाचला. कोंडाजीनं टोपी काढून पायाशी ठेवली.

"कबूल हाय, मायबाप."

वकिलांनी डोळे मिटले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिक्षा होईल. समजतंय ना?"

"समजतंय."

मग तो हात जोडून वाट बघत राहिला. टाइपरायटर वाजला, थांबला. पुढचं नाव पुकारलं. शिपायानं दंड धरला.

"माझं ऐकायचं ऱ्हायलं की," कोंडाजी म्हणाला.

"ऐकलं. तीन महिने. टोपी उचल, लोक तुडवतील."

पुढे बयाबाई जेलात भेटायला आली. नवऱ्याकडे बघवेना म्हणून ती जाळीकडेच बघत होती.

"नांदगावला निरोप धाड," तो म्हणाला. "म्हनावं, मी चोरी नाय केली. सुटलो का पंच बसवू. त्यांनी तवर थांबावं."

बयाबाईनं जाळीवरचा गंज नखानं खरवडला.

"अवो, ते कशाला थांबत्यात?"

नांदगावच्या मुलाचं लग्न निकालाच्या कितीतरी आधी, चैत्रातच मनमाडच्या मुलीशी लागलं होतं.