मुळावरच्या गाठीत एकटा

मी सोयाबीनच्या मुळावर राहणारा एक जिवाणू बोलतोय. डोळ्यांना मी दिसत नाही, निदान माझं ऐका तरी.

माझा जन्म जिवाणू-खताच्या पाकिटातला. मुखरूभाऊंनी वरोऱ्याच्या बाजारातून आम्हाला आणलं, तेव्हा आम्ही भावंडं दाटीवाटीने एकमेकांना ढकलत होतो. पेरणीच्या सकाळी त्यांनी बियाण्याला बुरशीचं औषध चोळलं आणि ते ओलं असतानाच वरून आम्हाला ओतलं.

"अवो, औषध सुकू तं द्या! काऊन घाई करून राह्यले?" त्यांची बायको आशाबाई ओरडल्या.

"दोन्ही एकदाच लावलं का काम खतम," मुखरूभाऊ म्हणाले.

खतम झाली ती माझी भावंडं. त्या औषधाने पटापट मेली. मी कसाबसा वाचलो आणि दाण्याला चिकटून काळ्या मातीत उतरलो.

तिथे ओळखीचं कोणी नाही. त्यात पावसाने दडी मारली. माती कडक झाली, माझं अंग आकसू लागलं. शेजारी एक गावरान जिवाणू होता, स्वभावाने खडूस. पण त्या कोरड्यात त्याने आपल्याभोवतीच्या चिकट थरात मला सरकू दिलं. ओल धरून ठेवायला दोघे बरे, एवढंच त्याच्या मनात असेल. मला मात्र घर मिळालं.

मग पाऊस परतला. खायला मुबलक झालं, आणि पठ्ठ्याने माझ्यावरच विष सोडायला सुरुवात केली! संकटात मांडीला मांडी लावून बसायचं आणि सुखात हद्दीवरून भांडायचं, हे माणसं आमच्याकडून शिकली की आम्ही त्यांच्याकडून, कोण जाणे. मी जीव मुठीत धरून कोवळ्या मुळात शिरलो. मुळाने माझ्याभोवती गाठ बांधली, साखर दिली. मी त्याला हवेतला नत्र देऊ लागलो. एकाचे हजारो झालो. पण सगळे मीच. बोलणार कोणाशी?

पण माझा नत्र पानांपर्यंत पोचायच्या आतच वर पीक पिवळं पडत होतं. "जिवाणू सारे मेले. मोडून टाकतो," म्हणत मुखरूभाऊ ट्रॅक्टर बोलवायला निघाले.

"थांबा, मले पाहू तं द्या." आशाबाईंनी नेमकं माझंच झाड उपटलं आणि नखाने गाठ फोडली. आत गुलाबी रंग, गाठ जिवंत असल्याची खूण.

"पाहा, जित्ता हाय ना! येईल पीक, मोडू नोका." त्यांचा चेहरा खुलला. वावर वाचलं. झाड मात्र धुऱ्यावर, वावराच्या बांधावर पडलं.

मी जिवंत आहे हे त्यांना कळलं, पण त्यासाठी मला मातीबाहेर यावं लागलं. आता गाठ वाळतेय. आशाबाई, जाता जाता हे मूळ पायाने तरी वावरात लोटा. तो खडूस शेजारी असेल तिथे. सोडू दे विष, भांडू दे. माझ्याखेरीज दुसरं कोणी तरी असेल.