पानाबाहेरचं नाव

नवलनाना काही फुकट द्यायला निघाले की भडगावातले शहाणे लोक आधी घराचं दार लावून घेतात. मेघाच्या घराचं दार मात्र उघडंच राहिलं, कारण नवलनाना म्हणजे आबांचे सख्खे चुलतभाऊ, आणि भाऊबंदाच्या तोंडावर दार लावायला तसंच मोठं कारण लागतं.

मेघा जळगावच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होती. आठवड्यातले तीन दिवस एसटीने जायचं आणि बाकीचे दिवस घरी बसून काम पुरं करायचं. मामांनी दिलेला जुना कॉम्प्युटर घरात होता, पण चित्रं काढायला त्यात सॉफ्टवेअर नव्हतं. कॉलेजात जे सॉफ्टवेअर शिकवायचे ते दर महिन्याला भाडं मागायचं. माय म्हणाली, "भाडं? त्यामा ऱ्हावाले जानं शे का?" मोबाइलवरचं एक स्वस्त ॲप होतं, पण ते इंटरनेट गेलं की मुकाट बसायचं, आणि इथे दुपारची वीज गेली की इंटरनेटही तिच्या मागोमाग जातं. शेवटी मेघाने इंकस्केप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर शोधून काढलं. कॉलेजातल्या मॅडमनी ते चालेल म्हणून सांगितलं. चोरून उतरवलेलं कुणी वापरलं तर त्याचं काम मी तपासणारसुद्धा नाही, असंही त्यांनी बजावलं होतं.

नवलनानांकडे नेमकं चोरून उतरवलेलंच होतं, कोरल नावाचं डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर. स्टँडजवळ त्यांचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बोर्ड, लग्नपत्रिका, सगळं तिथे निघायचं. त्यांचा ऑपरेटर पुण्याला पळाला होता आणि लगीनसराई तीन आठवड्यांवर आली होती. अशा वेळी नाना आबांच्या ओट्यावर आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, पोरले कोरल मी टाकी देस. एक पैसा नको. फक्त दुकानवर येऊ दे. काम बी शिकी जाई."

 भाऊबंदातल्याच योगराजकाकांची रूपाली अशीच 'दोन महिने' म्हणून त्या दुकानात बसली होती. तिला आता तिसरं वर्ष लागलं होतं. पुढाऱ्यांच्या फोटोतली डोकी कापून ती शुभेच्छुकांच्या रांगेत लावत होती, आणि तिचं बीए दुसऱ्या वर्षाला अडकलं ते अडकलंच. नानांच्या दुकानात आत जायचं दार होतं, बाहेर यायचं नव्हतं. तिथे एकदा बसलं की आपलं कॉलेज संपलं, हे मेघाला स्वच्छ दिसत होतं.

"आबा, मले दुकानवर नई जानं," ती म्हणाली. "फुकटनं सॉफ्टवेअर मी शोधेल शे. घरीच काम व्हई जाई."

आबांचा कॉम्प्युटरवर आधीपासून दात होता, आणि त्यामागे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट होती. नानांच्या मुलीचं, सुलक्षणाचं लग्न ठरलं, धुळ्याचं स्थळ. पत्रिका आली ती उघडून बघतात तर निमंत्रकांच्या यादीत सगळा भाऊबंद हजर, नुकतं बारसं झालेली पोरंसुद्धा 'किलबिल' म्हणून हजर, आणि आबांचं, प्रेमराज झुलाल पाटील हे नावच नाही. थोरल्या चुलत्याचं नाव पत्रिकेत नसणं म्हणजे भर पंगतीतून उठवणं. नानांनी हात जोडले, "भाऊ, कंप्युटरनी खाई टाकं. छपाईना टाइमले लाइनच उडी गई." आबांनी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तर लग्नात कमरेला उपरणं बांधून वरण-बट्टीच्या पंगती वाढल्या. वाढताना धुळ्याचे पाहुणे विचारत होते, "तुम्ही कोण?" तो अपमान आबांनी गिळला, आणि जो राग भावावर निघायचा तो कॉम्प्युटरवर निघाला.

"ज्या डबडानी मन्हं नाव खादं, त्यानावर पोर आठे एकलीच बसी?" आबा म्हणाले. "आनि फुकटनं तर आखो काय काय खाई. नवलना दुकानवर जाय. तो जानकार शे."

नाना मिशीत हसले. मेघाने वाद सोडला नाही, तेव्हा त्यांनीच पैज लावली. खिशातून पेन ड्राइव्ह काढून तिच्यापुढे टाकला. "मन्ही सुलक्षणानी पत्रिका शे यामा, कोरलमा बनाडेल. असं काम उभा तालुकामा कोनी करं नई. रविवारले येस मी. तुन्हं फुकटनं खेळणं हाई फाईल उघडी दखाडी, ते मी शब्द मांगे लिसू. नई उघडनी, ते सोमवारपासून दुकानवर." आबांनी मान हलवली. पैज ठरली.

शनिवारी सकाळी मेघाने फाईल उघडून पाहिली. ती उघडली. तोरण आलं, गणपती आला, केळीचे खांब आले, सगळी नावं जिथल्या तिथे आली. आणि पानाच्या उजव्या कडेबाहेर, कोऱ्या जागेत, एक ओळ एकटीच पडलेली दिसली. श्री. प्रेमराज झुलाल पाटील.

 डिझाइन करणारे नको असलेली वस्तू पुसत नाहीत, पानाबाहेर ओढून ठेवतात. बाहेरचं छापलं जात नाही. शिवाय त्या नावाच्या अक्षरांच्या, टाइप बदलू नये म्हणून करतात तशा, आकृत्या केलेल्या होत्या, आणि ते काम छपाईला देण्याआधी सगळ्यात शेवटी करतात. म्हणजे नाव आधी पत्रिकेत होतं, छपाईला जायला तयार होतं, आणि मग कुणीतरी ते हाताने उचलून बाहेर ठेवलं होतं. कॉम्प्युटरने काहीही खाल्लं नव्हतं. ती ओळ तिथे पडून आहे हे नाना मात्र विसरले होते, कारण अपमान करणाऱ्याला तो लक्षात ठेवावा लागत नाही.

तिला संताप आला, आणि त्या संतापातच एक विचारही आला. ती पेन ड्राइव्ह घेऊन थेट दुकानात गेली. रूपाली कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं कापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"नाना," मेघा म्हणाली, "तुम्हीच आबाले सांगा, मेघा नको. मंग हाई फाईल मी उघडतच नई. पैज सोडी देऊत."

नाना मोठ्याने हसले. "घाबरनी का? मले वाटनंच व्हतं. सोमवारी नऊले यावानं. कॉलेज-बिलेज लगीनसराई सरनी का दखू. आनि तुन्हा बापले मी जे सांगस ते पटस, हाई ध्यानमा ठेव."

मेघा घरी आली. एक बटण दाबलं असतं तर ती ओळ पुसली गेली असती. तिने पुसली नाही.

रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. आबा खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले, माय दारात उभी राहिली. मेघाने फाईल उघडली. तोरण आलं, गणपती आला. "उघडनी खरी," नाना नाराजीने म्हणाले, "पन रंग दखा, फिके पडनात."  मेघाने पान थोडं लहान केलं, म्हणजे कडेबाहेरची जागाही दिसायला लागली.

आबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावला, पुढे झुकले आणि स्वतःचं नाव बोट लावून वाचलं. मग बोट पानाच्या कडेवरून फिरवलं.

"हाई बाहेर का बरं शे?"

मेघाने सांगितलं. पानाबाहेर कसं ठेवतात, कधी ठेवतात, आणि ते आपोआप कसं होत नाही, एवढंच.  "भाऊ, जुनी गोट शे," नाना म्हणाले. "त्या आठवडाले तुम्हनं-मन्हं मळाना पानीनी बारीवरतून वाजेल व्हतं. रागना भरमा..."

"वाजेल व्हतं," आबा म्हणाले, "तरी मी तुन्ही पोरना लगीनमा बट्ट्या वाढ्यात."

आवाज जराही चढला नव्हता. मेघाला तोच आवाज भीतीदायक वाटला. नाना उठले, चपला शोधायला लागले. माय दारातून बाजूला झाली, पण चहाचं विचारलं नाही. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच राहिला आणि तो परत न्यायला कुणी आलं नाही.

"मन्हं नाव आत लई ये," आबा म्हणाले. "जठे व्हतं तठे ठेव."

मेघाने ओळ ओढून आत आणली. नाव काढल्यावर वरखालची नावं जवळ सरकवलेली होती. तिने ती दूर केली आणि मधोमध, दुसऱ्या नंबरला, आबांना बसवलं. पत्रिका पुरी दिसायला लागली. जिच्या लग्नाची ती होती, त्या सुलक्षणाला आता दोन पोरं होती.

"तुन्हं फुकटनं चांगलं शे," आबा म्हणाले. "घरीच काम कर. कोनाकडे जावानं नई." एवढ्यासाठीच तर तिने सगळं केलं होतं. 

आबांनी चष्मा काढून पुसला. "तुले कव्हय दिसनं हाई?"

खोटं बोलता आलं असतं. "काल सकायले," मेघा म्हणाली.

"मंग कालच का बरं नई सांगं?"

 आबा थांबून राहिले, आणि ते असे थांबले की उत्तर दिल्याशिवाय सुटका नसते. "नानाले भेटनू व्हतू," ती म्हणाली. "त्या मले सोडी देता, ते तुम्हनं नाव पुसनार व्हतू."

आबांनी पडद्यावरच्या आपल्या नावाकडे एकदा पाहिलं. मग तिच्याकडे न बघता उठले.

"तू बी भाऊबंदच निंघनी," ते म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले.