मचवा ओढायचा दर

सिराजुद्दीनला कुणाचं काही अंगावर ठेवायची सवय नव्हती. मुंबईला बोटीवर उमेदीची वर्षं घालवून तो चौलच्या खाडीकाठी परतला आणि साठवलेल्या सगळ्या पैशांचा त्याने मासेमारीचा एक मचवा घेतला. गावची रीत अशी, की वादळाची चाहूल लागली की सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या होड्या वर ओढायच्या आणि मालकाने गूळ-खोबरं वाटायचं. त्याला ही रीत फार अडाणी वाटली. कुणी जोर लावला आणि कुणी नुसताच दोर धरला, याचा पत्ताच लागत नसे! गेल्या साली त्याने माणशी चार आणे रोख मोजले आणि दुसऱ्यांच्या दोराला हात लावणं सोडलं. लोकांनी पावल्या कनवटीला लावल्या आणि त्याला सिराजशेट म्हणू लागले. त्याला तो मान वाटला.

कार्तिकातल्या एका दुपारी वारा एकाएकी पडला. आभाळ तांबूस झालं. सिराजुद्दीन धावत किनाऱ्यावर गेला, तर लोक भागोजीची होडी ओढत होते. त्याचा मचवा खाली पाण्यात एकटाच हलत होता.

"माणशी आठ आणे!" तो ओरडला.

दोर सैल पडले.

"आठ?" गुणाजी म्हणाला. "शेट बोटीवर होता, त्याला वादळातलं कळतं. मोठं दिसतंय गड्यांनो." आणि तो आपल्या घराचं छप्पर बांधायला पळाला.

"रुपया देतो!"

"रुपया? मेलो!" दादूने दोर टाकला आणि बायकोला हाक मारली. "राही, पोरं आत घे गं!"

भीतीच्या भरात सिराजुद्दीनने दोन रुपये पुकारले आणि किनारा जवळजवळ मोकळा झाला. वाडीत वादळाआधी दर पोचला. "दोनवर गेलं!" असं कुणीतरी माडांमागून ओरडलं.

उरला भागोजी, त्याचा भाऊ चंदर आणि चार हट्टी माणसं.

"भागोजी, पाच घे!"

भागोजीने आभाळाकडे पाहिलं. "सिराजशेट, आता गप ऱ्हा. आणखी वाढवलंस तर माझा सख्खा भाऊ पळंल."

मचवा वाळूवर दणादण आपटू लागला. प्रत्येक दणका सिराजुद्दीनच्या छातीत बसत होता. त्याने भागोजीच्या होडीचा दोर धरला.

"तुला किती द्यायचे रं?" चंदरने विचारलं. सगळे हसले. सिराजुद्दीन दात-ओठ खात ओढत राहिला.

होडी वर लागली. मग सगळे खाली मचव्याकडे वळले. छपरं बांधून झालेले काहीजण परतले, दादूही आला. वारा सुटायच्या आत मचवा माडांना बांधला गेला.

सिराजुद्दीनने पाकीट काढलं.

"ठेव ते," भागोजी म्हणाला.

"निदान चार आणे तरी?"

"न्हाय. बोलवू तवा ये."

"कधी?"

"ते आता कसं सांगू?"

"आणि कशाला?"

"छप्पर असंल, लगीन असंल, मयत असंल. बोलवू की." आणि भागोजी निघून गेला.

घरी त्याच्या बायकोने, सुगराने विचारलं, "किती गेले?"

"काहीच नाही."

"मग तोंड का असं?"

चार आणे गेले असते, दोन रुपये गेले असते, तर गेले म्हणून हात झटकता आले असते. आता नेमकं किती, कुणाला आणि कुठवर, हे सांगायला कुणी नव्हतं. बाहेर वारा घोंगावू लागला. जरा कुठे फांदी मोडली की सिराजुद्दीन दचकून उठे आणि दाराशी जाऊन विचारी, "कोण? मला हाक मारली का?"