विहिरीत सोडलेली जागा

मी जमिनीतली एक जुनी भेग आहे. मित्रांनो, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात मला प्रस्तरभंग म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मी आहे मोडकीच. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या मुलखाखालून किरनापूरच्या शेतांपर्यंत मी आडवी पडले आहे, आणि माझे वय विचाराल तर तेव्हा झाडे नव्हती, मासेही नव्हते.

माझा जन्म ओढाताणीतून झाला. जमीन दोन बाजूंना ताणली गेली आणि मी फाटले. माझ्या एका अंगाची जमीन हळूहळू खचली, तिथे खोलगट दरी झाली, पाणी शिरले, गाळ साचला. तसल्याच काळ्या गाळातून झालेले मँगनीज आज भरवेलीच्या खाणीतून काढतात. मला त्या दिवसांचा फार अभिमान आहे.

मग वारे फिरले. ताणणारी जमीन आता दोन्हीकडून रेटू लागली. सगळीकडे अखंड, टणक खडक असताना तो रेटा कुठे यावा? माझ्यावरच! एकदा उसवलेली शिवण पुन्हा तिथेच उसवते. जिथून जमीन खचली होती, तिथूनच ती वर चढली आणि डोंगर उभे राहिले. पुढे डोंगर झिजले, पुन्हा ताण आला, पुन्हा मीच सरकले. कोट्यवधी वर्षे असेच चालले आहे. प्रत्येक नव्या दरीला आणि प्रत्येक नव्या डोंगराला माझे दुखणे वारशाने मिळाले. या घासाघाशीत माझ्या आतल्या खडकाचा चुरा झाला आहे. त्यात पाणी मुरते, आणि ओला चुरा फार निसरडा असतो.

पाणी आहे म्हणूनच माणसे माझ्याकडे आली. इथल्या महागू नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांनी माझ्यावरच विहीर खणली. एका बाजूने झुळुझुळु पाणी आले तेव्हा त्यांनी तिथे शेंदूर लावला, नारळ फोडला आणि मला पाणीमाय म्हटले. खरे सांगते, मी सुखावले. पण विहीर दगडांनी बांधताना त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली. मायचे तोंड कोणी बुजवते का? महागूने सिमेंट लावून बांधकाम नवे केले, तेव्हा त्यानेही ती जागा तशीच ठेवली.

यंदा उन्हाळ्यात विहीर आटली. महागूचा मुलगा रजत ती आणखी खोल करायला निघाला. त्याची बायको नूतन काठावरून आत पाहत होती. मोकळ्या जागेतून खडे गळत होते.

"मामाजी, तेवढी जागा काहून नाही बांधली?" तिने सासऱ्याला विचारले.

"थे मायची जागा हाय, बाई. माह्या बापानं सोडली, मी बी सोडली."

"पण माती पडून राह्यली ना! पहिले बांधा, मंग उतरा."

रजत हसला. "अरे, कुछ नहीं होता. दुपारपर्यंत होऊन जाते काम."

तो दोराने खाली उतरला आणि नेमका माझ्या पायथ्याशी खणू लागला. मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर मी त्याला वर ढकलले असते. पायथ्याचा आधार निघाला, की वरचा चुरा खाली येणारच. वरून महागूने टोपली ओढली, नूतनने "वर या!" म्हणून किंकाळी फोडली, आणि मी सरकले.

रजतला बाहेर काढेपर्यंत सगळे संपले होते. महागू विहिरीच्या काठावर बसून आपल्या ओल्या हातांकडे पाहत राहिला.

तेरवीला जमलेले लोक म्हणाले, "माय कोपली." हे ऐकून मला फार वाईट वाटले. मी कोपत नाही हो. मला राग नाही, लोभ नाही. मी फक्त दुबळी आहे, आणि भार आला की दुबळे तिथेच तुटते. माझी पूजा केल्याने मी मजबूत होत नाही. माझ्यासमोर दगड रचा, फटी ठेवा म्हणजे पाणीही येईल आणि मातीही थांबेल. एवढीच माझी विनंती आहे.

महागूची विहीर बुजवली. पण पाणी तर हवेच. शेजारच्या पुनारामने आपल्या शेतात, माझ्याच रेषेवर, नवी विहीर खणायला घेतली आहे. आज सकाळी तिथे ओल लागली. लगेच शेंदूर आला, नारळ आला.

मागोमाग नूतन आली. ती काठावर, नेमकी दोराच्या जागी, पाय आत सोडून बसली.

"काकाजी, पहिले बांधा."

"मायची जागा हाय, बाई. तिले नाही बांधत."

"मंग माह्या अंगावरून उतरा."

पुनाराम हातात दोर घेऊन उभा आहे. खाली माझा चुरा बारीक बारीक गळतो आहे. मित्रांनो, मला थांबता येत नाही. थांबणे त्याच्या हातात आहे.