बुरशीचा वानोळा

"हा असला वानोळा माह्या घरात राह्यनार नाई," असं म्हणून जिजाबाईनं फडकं उलटं केलं आणि पायलीभर लाल मिरच्या माझ्या पायाशी सांडल्या.

जिजाबाई म्हणजे माझी बायको. भिवापुरात देवरावच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या पटांगणात, तिला धरून बारा बाया देठं खुडायला होत्या आणि ती त्यांची मुकादम. मी तिथंच पोती भरायचो आणि दाभणानं त्यांची तोंडं शिवायचो.

"अवं, पण मिरची तं लालभडक दिसते," मी म्हणालो.

"देवराव बी पांढराशुभ्र दिसते." तिनं एक मिरची उचलून मधून फाडली. आत बियांवर करड्या केसांची बुरशी धरली होती. तिनं ती माझ्या नाकाशी नेली तशी राखेसारखी भुकटी उडाली आणि तिलाच खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात लावून ती कितीतरी वेळ खोकत राहिली.

हे कसं झालं ते सांगतो. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मिरचीला भाव होता आणि देवरावच्या अंगात हाव होती. ताराचंद नावाचा नागपूरचा व्यापारी मंगळवारी येणार म्हणून देवरावनं सोमवारी वाळल्या ढिगावर बादल्या-बादल्या पाणी मारलं. वजन वाढावं म्हणून थोडं पाणी सगळेच मारतात. यानं आंघोळ घातली. वरून ताडपत्री झाकली, आणि ताराचंद आला नाही. घरच्या लग्नात अडकलो, येतो, असा निरोप तेवढा आला.

चौथ्या दिवशी मी ताडपत्रीखाली हात घातला तर आत वाफ. मी म्हणालो, "मालक, ढीग पसरून ऊन दाखवू. आत गरम होऊन राह्यलं."

"पसरला तं पानी उडून जाईन ना, बुद्दू! तुले पोते शिवाची मजुरी देतो का अक्कल शिकवाची?"

नवव्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा बंद खोलीतल्या ओल्या चिंध्यांसारखा वास आला. बाया खुडायला बसल्या. दुपारपर्यंत चौघींचे डोळे सुजले आणि जिजाबाईची छाती वाजायला लागली. ती देवरावपुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, माल नासला. बायायले दम लागून राह्यला."

"मिरचीनं ठसका नाई येनार तं काय साखरेनं येईन?"

"वीस वर्सं मिरचीत गेली माही. मिरचीचा ठसका नाकात लागते. हा छातीत बसून राह्यला."

"मंग छाती घरी ठिवून येत जा," देवराव म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. असल्या माणसाला हसताना पाहिलं की मला कोंबडीच्या खुराड्यापाशी बसलेल्या बोक्याची आठवण येते.

त्यानं मला हुकूम दिला की खराब माल पोत्याच्या पोटात आणि चांगला तोंडाशी भर. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी भरला. सोळा पोती भरली. देवरावला नावं ठेवतो आहे खरा, पण दाभण माझ्याच हातात होतं.

सगळ्यात सडका माल उरला तो त्यानं शेवटच्या दिवशी बायांना वानोळा म्हणून वाटला. हंगाम संपला की मालकानं बायांना घरच्यासाठी पायलीभर मिरची द्यायची, ही आमच्याकडची रीत. त्यावर घराचं वर्षभराचं तिखट निघतं. वानोळा कुणी निवडत नाही, मोजत नाही आणि परत तर कधीच करत नाही. परत केला की संबंध तुटला. देवरावला हे पक्कं ठाऊक होतं. "घ्या वं लेकीबाईहो," असं म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं एकेकीच्या ओटीत बुरशी घातली.

"उकिरड्यावर टाक," पायाशी सांडलेल्या मिरच्या पाहून मी जिजाबाईला म्हणालो. "तिखट विकत घेऊ. पुढच्या साली काम पाह्यजे का नाई?"

"काहून टाकू? आन् तुमी नका बोलू. तुमाले तोंडं शिवता येते तेवढं बस झालं. पोत्याचं बी आन् सोताचं बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद आला. देवरावनं त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. ताराचंदनं दोन-तीन पोत्यांची शिवण उसवायला लावली, तोंडात हात घालून मूठ-मूठ मिरची पाहिली आणि मान डोलावली. एवढ्यात जिजाबाई आली, मागं अकरा बाया. त्यांनी आपापले पदर ताराचंदसमोर ताडपत्रीवर रिकामे केले.

देवराव उठलाच. "हे काय वं? वानोळा कोनी वापस करते का?"

"वापस कुठं करून राह्यलो? पाव्हन्यायले देऊन राह्यलो. एवढ्या दुरून आले."

ताराचंदनं एक मिरची उचलली, फाडली आणि शिंकला. मग शिंकतच राहिला. "देवरावभाऊ, ये क्या है?"

"हा... हा बायायचा घरचा माल हाय."

"काल तुमच्या हातानं देल्ला," जिजाबाई म्हणाली. "चांगला होता म्हनून देल्ला का खराब होता म्हनून?"

आता देवरावचं झालं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खराब म्हणावं तर पोती उघडावी लागणार. "चांगलाच होता," तो म्हणाला.

जिजाबाईनं कमरेचं फडकं सोडलं. "मंग भाकर आनली हाय. मीठ बी हाय. एक खा."

देवरावनं मिरची हातात घेतली. ती तोंडापर्यंत नेली आणि वासानंच त्याचं तोंड वाकडं झालं. बारा बाया बघत होत्या. त्यानं मिरची खाली टाकली आणि माझ्यावर खेकसला, "रुपराव, यायले माडीवरच्या मालातून दे."

माडीवरची मिरची त्याच्या स्वतःच्या घरची होती. तिला पाण्याचा थेंब लागला नव्हता. मी बारा पायल्या शीग लावून मोजून दिल्या. त्या हंगामात मी केलेलं तेवढंच एक चांगलं काम.

ताराचंदनं मग सगळी पोती उलटी करायला लावली. मला वाटलं, आता हा थुंकून निघून जाईल. त्यानं भाव निम्म्यावर पाडला आणि माल घेतला. सगळा. ताडपत्रीवरचाही.

जिजाबाई जाता जाता थांबली. "शेटजी, हे कोन खाईन?"

"चक्कीत गेल्यावर आतलं काय नि बाहेरचं काय बाई, सगळं लाल. थोडा रंग टाकू. नागपूर बडा शहर आहे."

"तिथं मानसं नाई राहत का?"

ताराचंदला हे कळलंच नाही. त्यानं मला हात केला. मी दाभण घेतलं. ती तिथंच उभी राहून माझ्या हातांकडं पाहत होती. सोळा पोती पुन्हा भरून मी त्यांची तोंडं शिवली, ताडपत्रीवरच्या मालाचं सतरावंही शिवलं. शेवटचं शिवून मान वर केली तर ती निघून गेली होती.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा पाट्यावर ठेचा वाटला होता. ताज्या, कोरड्या मिरचीचा वास ओसरीपर्यंत येत होता. जिजाबाईनं माझ्यासमोर ताट ठेवलं. त्यात भाकर होती आणि मीठ होतं.

"ठेचा नाई देल्ला मले?"

"तुमचं तिखट नागपूरले गेलं," ती म्हणाली. "सतरा पोते."

ती आत जाऊन खोकत राहिली. मी मीठ-भाकर खाल्ली.