जयवंताला मिळालेली सूट

शाळेची सक्ती नवीन होती त्या काळी, उन्हाळ्यात गुरुजी पोशीर गावात घरोघर फिरून सहा वर्षांच्या मुलांची यादी करत होते, तेव्हा सुंदराने आपल्या पोरीचे, जयवंताचे लुळे पाय त्यांना मुद्दाम दाखवले. शाळेत काही सोय होईल, असं तिला वाटलं होतं. जूनमध्ये ती पोरीला पाठीवर घेऊन शाळेत गेली.

"कायद्याने पांगळ्या मुलांना सक्तीतून सूट आहे, बाई. यादीत तसं लिहिलंय. तुम्हाला नोटीस येणार नाही."

"शेजारच्या पोपटला आली. पोरीला गुरांमागं धाडतो म्हणून."

"त्याची पोर धडधाकट आहे."

"मग मला पण नोटीस द्या, गुरुजी. सूट नको."

"हिची उचल-ठेव कोण करणार?" म्हणत गुरुजींनी वही मिटली.

सुंदरा सावकाश परत निघाली. वर्गातले पाढे ऐकू येत होते तोवर जयवंता पाठीवरून ते म्हणत राहिली.