नळीतले बुडबुडे

“बघा, साफ आहे. एकसुद्धा बुडबुडा नाही,” असं म्हणत मिस्त्रींनी नळी बोटानं जरा वर उचलून मला दाखवली.

इंजिन धडधडत होतं. फिल्टरमधून पंपाकडे डिझेल जातं तिथली काळी नळी काढून त्यांनी वीतभर पारदर्शक नळी बसवली होती. तिच्यातून बुडबुडे मुंग्यांच्या रांगेसारखे चालले होते, बारीक, एकामागून एक.

मी रात्रपाळी संपवून थेट गॅरेजमध्ये आले होते. सव्वीस वर्षं वॉर्डात मी हेच करते आहे. सलाइनची नळी लावायची, टिचकी मारायची आणि आत हवा राहिली नाही ना हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. बुडबुडा मला झोपेतही दिसेल. त्यामुळे आधी वाटलं, मिस्त्री मला बनवतायत, आणि रागच आला. गाडी म्हातारी आहे, कबूल. पण पंधरा दिवसांपूर्वी यांनी फिल्टर बदलेपर्यंत ती एका चावीत सुरू व्हायची. त्यानंतर तिनं माझ्या नाकीनऊ आणले होते. दिवसभर दारात उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरायचं, वर हवा भरायची आणि संध्याकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरीचा जीव जायचा. दोनदा ड्यूटीला उशीर झाला. मागच्या खेपेला मिस्त्रींनी सगळ्या नळ्या आणि क्लिपा बदलल्या होत्या. ही तिसरी खेप.

“हवा नाही म्हणजे दोष पंपातच,” ते म्हणाले. “पंप खोलावा लागेल. आठ दिवस गाडी राहू द्या.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींकडे लक्ष गेलं. मिस्त्रींच्या बायको दाराशी स्टुलावर, पान्यांचा ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मघापासून एकेक पाना हातात देताना त्या नंबर म्हणत होत्या, “हा बारा. हा चौदा.” मला वाटलं होतं, हौसेनं मदत करतायत. आता त्यांनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. नको, अशी.

मग मी मिस्त्रींकडे नीट पाहिलं. ते नळीकडे बघतच नव्हते. नळीच्या जरा बाजूला बघत होते.

असे डोळे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलेत. मला इतका थकवा आला, की वाटलं, बरं म्हणावं, गाडी सोडावी आणि घरी जाऊन झोपावं. कुणाला नको ते ऐकवणं हे आमचं रोजचंच काम, निदान ड्यूटी संपल्यावर तरी नको. पण चांगला पंप उगाच खोलला गेला असता आणि दोष जागच्या जागी राहिला असता.

“मिस्त्री,” मी म्हणाले, “बुडबुडे येतायत.”

वहिनींनी खाली ट्रेमध्ये नजर घातली. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, आत वाकून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

“मोठे की बारीक?” त्यांनी विचारलं.

“बारीक. सलग.”

“मग फिल्टरच्या तोंडाशीच हवा खेचतेय.”

त्यांनी फिल्टर फिरवून काढला. तो जिथं बसतो तिथं वर बोट घालून कडेकडेनं फिरवलं. बोट अर्ध्यावर थांबलं. नखानं काहीतरी सोडवून त्यांनी तळहातावर घेतलं. चपटी झालेली काळी रबरी रिंग होती, जुन्या फिल्टरची. ती वरच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर त्याच्या नव्या रिंगेसकट तिच्यावरच बसवला गेला होता. दोन रिंगा एकीवर एक कधी घट्ट बसत नाहीत.

“ही चूक नवशिके करतात,” ते म्हणाले. “असल्या चुकीसाठी मी माणसं हाकललीत.”

“होतं एखाद्या वेळी.”

“माझ्याकडून होत नव्हतं, सिस्टर.”

“कधीपासून दिसत नाही?”

उत्तर वहिनींनी दिलं. “वर्ष झालं. शुगरनं पडदा खराब झालाय, चष्म्यानं होण्यातलं नाही म्हणाले डॉक्टर. मी म्हणते, अहो, बसा आता घरी. तर म्हणतात, बोटांना दिसतंय तोवर चालेल.”

“चालत होतं,” मिस्त्री म्हणाले.

नव्या रिंगेवरून डिझेलचं बोट फिरवून त्यांनी फिल्टर पुन्हा बसवला. “मी हातपंप मारतो. बुडबुडे थांबले की सांगा.”

मी वाकले. “येतायत... येतायत अजून... कमी झाले.” शेवटचा एक वळणाशी अडला होता. सवयीनं मी नळीला टिचकी मारली आणि तो निघून गेला. “थांबले.”

गाडी एका चावीत सुरू झाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण आपणच कुणाचं तरी काहीतरी बंद पाडल्यासारखं वाटत राहिलं.

इंजिन बंद करून त्यांनी काळी नळी परत बसवली, पुन्हा थोडा पंप मारला. “हा दहा,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. पारदर्शक नळी मिस्त्रींनी फडक्यानं पुसली, आतून फुंकर मारली.

“ही गाडीत ठेवा. पुढचा जो मिस्त्री मिळेल त्याला द्या. हल्ली कुणी ठेवत नाही.”

“मी तुमच्याकडेच येईन.”

“येऊ नका,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही तोंडावर सांगितलंत. बाकीचे सांगणार नाहीत, नुसते यायचे बंद होतील. त्याआधी मीच गॅरेज बंद करतो.”

मग त्यांनी नळी दारातल्या उजेडाकडे धरली, आणि जरा बाजूला बघत विचारलं, “साफ झाली ना?”

मधोमध डिझेलचा एक थेंब चिकटून होता.

“साफ आहे,” मी म्हणाले.